‘काय दखं?’ आधी, ‘काय वाटनं?’ मग : पाहिलेल्या माहितीपटावर मत कसं मांडावं

माहितीपट संपतो, दिवे लागतात. पहिला म्हणतो, "जबरदस्त होता भो." दुसरीला डोळे पुसायचे असतात, ती बोलत नाही. तिसरे, बहुधा निवृत्त सर, विषयाचं शेपूट धरून वीस मिनिटं बोलतात. त्यात कापसाचा भाव येतो, गिरणेचं आवर्तन येतं, मोबाइलनं बिघडलेली पिढी येते. नुकताच पाहिलेला माहितीपट तेवढा येत नाही. मग चहा येतो आणि मंडळी पांगतात.

मतं नसतात असं नाही. भरपूर असतात. पण ती विषयावरची असतात आणि माहितीपट बघण्याआधीही तीच होती. शेतकऱ्यांच्या हालांवरचा माहितीपट फसलेला असू शकतो आणि पतंग बनवणाऱ्यावरचा उत्तम असू शकतो. विषयाला मान देणं वेगळं, माहितीपट जोखणं वेगळं. ही दोन कामं एकमेकांत गुंतली की माणूस एकतर भाषण करतो, नाहीतर उसासा टाकतो.

हा गुंता सोडवणारे दोन प्रश्न खान्देशातल्या अहिराणी बोलीत तयारच आहेत. "तुम्हीन काय दखं?" आणि "तुम्हले काय वाटनं?" काय पाहिलंत, आणि काय वाटलं. क्रम हाच ठेवायचा. व्हॉट्सअॅपवर दहा ओळी लिहायच्या असोत, वाचनालयात तीस जणांसमोर बोलायचं असो की रात्री जेवताना घरच्यांना सांगायचं असो, पुढची सगळी पद्धत या क्रमावरच उभी आहे.

बघण्याआधीची पंधरा मिनिटं

वहीच्या पानावर वरच्या बाजूला पाच गोष्टी लिहून ठेवा : नाव, दिग्दर्शक, वर्ष, लांबी, भाषा. क्षुल्लक वाटतं, पण निम्मे घोटाळे इथेच होतात. मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांवरचं उदाहरण घ्या. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा २००८ चा माहितीपट. त्यात सिनेमा करणारे खरे नासिर शेख आणि त्यांचा ‘सुपरमॅन’ झालेला खरा शफीक दिसतो. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा त्याच माणसांवर बेतलेला कथापट. त्यात नट आहेत. दोन्ही पाहिलेला माणूस महिन्याभरानं एकातला प्रसंग दुसऱ्याच्या नावावर सांगतो आणि चर्चा भरकटते. (मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं हे खरं, पण आजूबाजूच्या खेड्यांची अहिराणी ऐकली की जिल्ह्याची हद्द कोणी आखली असा प्रश्न पडतो.)

त्याच पानावर आणखी तीन ओळी लिहा : या विषयाबद्दल मला आज काय ठाऊक आहे, आणि माझं मत काय आहे. बघून झाल्यावर या ओळींकडे परत यायचं. माहितीपटानं तुम्हाला हलवलं की फक्त तुमच्याच मताला मान डोलावली, हे कळण्याचा दुसरा उपाय नाही.

परीक्षणं आधी वाचू नका. ट्रेलरही टाळा, ट्रेलरमध्ये सगळ्यात जोरदार वाक्यं असतात आणि ती तिथे ज्या क्रमानं येतात, त्या क्रमानं माहितीपटात येत नाहीत.

बघताना काय टिपायचं

पानाला तीन रकाने पाडा. पहिल्यात वेळ, दुसऱ्यात जे दिसलं-ऐकलं ते, तिसऱ्यात जे वाटलं ते. तिसरा रकाना अरुंद ठेवा, मुद्दाम. एका तासाच्या माहितीपटासाठी बारा ते पंधरा नोंदी पुष्कळ झाल्या. त्याहून जास्त झाल्या तर तुम्ही लिहीत होता, बघत नव्हता. मोबाइलवर टिपणं घेऊ नका. पडद्याच्या उजेडानं शेजारच्यांना त्रास होतो आणि मधेच एखादा मेसेज आला की पाच मिनिटं गेलीच म्हणून समजा. प्रोजेक्टरवर वेळ दिसत नसेल तर सुरू झाल्याची वेळ घड्याळात बघून लिहून ठेवा, पुढचा हिशेब वजाबाकीचा.

दुसऱ्या रकान्यात वस्तू, आवाज, हालचाल आणि बोललेले शब्द एवढंच जातं. "गरिबी दाखवली" ही नोंद नव्हे. "चुलीवर एकच भांडं, मुलगी झाकण वारंवार उघडून बघते" ही नोंद. पहिलीवरून आठ दिवसांनी काहीही आठवत नाही, दुसरीवरून सगळा प्रसंग उभा राहतो.

काही जागी कान टवकारायचे. पहिली दोन मिनिटं, कारण तिथे दिग्दर्शक तुमच्याशी करार करतो : आवाज कोणाचा, वेग कोणता, बाजू कोणाची. शेवटच्या पाट्या, कारण आकडे आणि "पुढे काय झालं" बहुतेक वेळा तिथे असतं आणि नेमकं तेव्हाच लोक चपला शोधायला उठतात. संगीत सुरू होतं ती जागा. निवेदकाचा आवाज पहिल्यांदा येतो ती जागा, किंवा निवेदक नसेल तर तशी नोंद. कोणाच्या नावाची पट्टी येते आणि कोण बिननावाचं राहतं, हेसुद्धा. आणि तुमचं लक्ष उडालं तो क्षण. "मधे कंटाळवाणा वाटला" याला अर्थ नाही. "पस्तिसाव्या मिनिटाला तिसरी मुलाखत सुरू झाली, पहिल्या दोघांनी सांगितलं तेच ती सांगत होती, तिथे लक्ष उडालं" हे मत झालं.

दुसऱ्यांदा बघणं, पण अख्खं नव्हे

अख्खा माहितीपट दोनदा बघायला कोणाला वेळ असतो? तीन प्रसंग निवडा, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे : एक मनात राहिलेला, एक खटकलेला, एक न कळलेला. तिन्ही पुन्हा बघताना दोन प्रयोग करा.

आधी आवाज बंद करून बघा. चित्र एकट्यानं किती सांगतं ते कळतं. कितीतरी माहितीपट आवाज काढून घेतला की नुसती बोलणारी डोकी उरतात. म्हणजे तो लेख होता, चित्रपटाची गरज नव्हती.

मग डोळे मिटून ऐका. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’मध्ये (२०२२) दिल्लीतले दोन भाऊ घराच्या तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. डोळे उघडे असले की आपण घारी बघत बसतो. शहरातला तणाव मात्र बराचसा कडेकडेनं येतो, बाहेरच्या आवाजांतून आणि बातम्यांतून. तो मुद्दाम पुढे आणलेला नाही, हीच त्या माहितीपटाची रीत आहे. "पक्ष्यांवरचा छान माहितीपट" असं सांगणाऱ्यानं तो कानानं पाहिलेला नसतो.

पार्श्वसंगीताची परीक्षाही इथेच. रडणाऱ्या चेहऱ्याखाली व्हायोलिन वाजत असेल तर तो भाग बिनआवाजाचा बघा. तरीही गलबलून आलं तर श्रेय चेहऱ्याचं. नाही आलं तर ते व्हायोलिनचं, आणि तसं स्पष्ट म्हणावं.

कॅमेरा तिथे कसा पोहोचला?

माहितीपट म्हणजे जे घडलं ते जसंच्या तसं, ही समजूत घेऊन बसलेला माणूस दोन टोकांपैकी एका टोकाला जातो : "सगळं खरं आहे" नाहीतर "सगळं रचलेलं आहे." दोन्ही आळशी मतं. त्याऐवजी एक साधा प्रश्न विचारत राहायचं : हे टिपताना कॅमेरा कुठे होता, आणि तो तिथे कोणाच्या परवानगीनं होता?

बाई दार उघडते, दारात अनपेक्षित पाहुणा, ती दचकते. कॅमेरा मात्र आतून तिच्या पाठीमागून हे टिपतो आणि पुढच्याच क्षणाला बाहेरून तिचा चेहरा. मग एकतर दोन कॅमेरे होते आणि पाहुणा येणार हे चित्रीकरण करणाऱ्यांना माहीत होतं, किंवा प्रसंग दोनदा करून घेतला. हे पाप नाही. पण मत मांडताना "ती कशी दचकली!" असं म्हणण्याआधी हे लक्षात यायला हवं.

ही गोष्ट माहितीपटाइतकीच जुनी आहे. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये कॅनडाच्या उत्तरेतलं इन्युइट कुटुंब बर्फाच्या घरात झोपताना-उठताना दिसतं. त्या घरात उजेड पुरेना, म्हणून चित्रीकरणासाठी एक बाजू उघडी असलेलं घर बांधलं होतं. नानूकचं खरं नाव अल्लाकारिअलाक. शिकारीला तेव्हा बंदुका आल्या होत्या, पडद्यावर मात्र जुन्या पद्धतीचा भाला दिसतो. हे कळल्यावर माहितीपट फेकून द्यायचा का? नाही. त्या माणसांची थंडीतली चपळाई खोटी नाही. फक्त तो ‘त्या वेळचं जगणं’ नसून ‘आधीच्या जगण्याची करून दाखवलेली आठवण’ आहे असं सांगायचं. चांगलं मत असंच असतं, नेमक्या जागी बोट ठेवणारं.

"हे दाखवलंच नाही" या तक्रारीचं काय करायचं

चर्चेत सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य हे. दीड तासात सगळं मावत नाही, त्यामुळे ही तक्रार प्रत्येक माहितीपटावर करता येते आणि म्हणूनच बहुतेक वेळा ती पोकळ असते. तिला एक कसोटी लावा : गाळलेली गोष्ट घातली असती, तर माहितीपटाचं म्हणणं बदललं असतं का? नुसती भर पडणार असेल तर तक्रार सोडून द्या. म्हणणंच डळमळणार असेल तर तीच तुमच्या मताची पहिली ओळ.

‘राइटिंग विथ फायर’ (२०२१, रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष) उत्तर प्रदेशातल्या ‘खबर लहरिया’ या महिलांनी चालवलेल्या बातमीसंस्थेवर आहे. ऑस्करच्या अंतिम यादीत तो पोहोचला. मार्च २०२२ मध्ये खुद्द ‘खबर लहरिया’नंच निवेदन काढून म्हटलं की माहितीपट प्रभावी आहे, पण आम्ही जणू एकाच राजकीय पक्षाच्या मागे लागलेलो आहोत असं चित्र उभं राहतं, ते आमचं पूर्ण काम नव्हे. ही तक्रार कसोटीला उतरते, कारण ज्यांच्यावर माहितीपट आहे त्यांच्याच ओळखीचा प्रश्न आहे. याचा अर्थ दिग्दर्शक चुकले असा आपोआप होत नाही. दिग्दर्शकाला आपली गोष्ट निवडायचा हक्क आहेच. पण हा माहितीपट पाहून मत देणाऱ्यानं निदान दोन्ही बाजू सांगायला हव्यात.

माहितीपटाचा काळ आणि आपला काळ

जुना माहितीपट पाहिला की ही चूक हमखास होते. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ हा सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या लढ्यावरचा माहितीपट १९९५ चा. मणिबेली हे त्यातलं गाव आज नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात. चित्रीकरणाच्या वेळी तो धुळे जिल्हाच होता, नंदुरबार वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. सरदार सरोवराच्या पाण्यानं महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी याच पट्ट्यातली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ऑक्टोबर २००० मध्ये, धरणाचं लोकार्पण झालं सप्टेंबर २०१७ मध्ये. हे दोन्ही माहितीपटात असणं शक्यच नाही.

म्हणून पानावर दोन तारखा लिहा : चित्रीकरण कधी संपलं, आणि आज. मधल्या काळात काय घडलं ते स्वतः शोधा आणि ते माहितीपटाच्या खात्यावर टाकू नका, उणे म्हणूनही नाही आणि अधिक म्हणूनही नाही. "धरण झालंच शेवटी, मग यांनी काय मिळवलं?" हे माहितीपटावरचं मत नाही. "लढा चालू असताना, शेवट ठाऊक नसताना केलेलं चित्रण आहे, म्हणून त्यात आशेचा सूर असा येतो" हे आहे.

तळोदा-शहाद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींजवळ हा माहितीपट दाखवणार असाल तर आणखी एक. तिथे बसलेल्यांपैकी कोणी पडद्यावरच्या गावातलंच असू शकतं. त्यांना "तुम्हीच सांगा आता खरं काय ते" म्हणून उभं करू नका. साक्षीदार म्हणून बोलावं की प्रेक्षक म्हणून, की गप्प बसावं, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

एक प्रसंग जवळून : सुरतची गिरणी

खान्देशात ज्याच्या घरातलं किंवा भावकीतलं कोणी सुरतेला गेलेलं नाही असं घर शोधावं लागेल. उधना, लिंबायत ही नावं आपल्याकडे शेजारच्या गावासारखी घेतली जातात. राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ (२०१६) गुजरातमधल्या अशाच एका कापड कारखान्यात घडतो. निवेदन नाही, आकडे नाहीत, संगीत जवळजवळ नाहीच. यंत्रांचा आवाज हेच संगीत.

त्यात एक कोवळा मुलगा यंत्रापाशी उभा आहे. डोळे मिटतात, मान खाली जाते, तो दचकून सावरतो, पुन्हा डोळे मिटतात. कॅमेरा हलत नाही, कोणी काही बोलत नाही. यावर लिहिलेली पहिली ओळ साधारण अशी असते : "बालकामगारांचं भीषण वास्तव दाखवणारा, अंगावर काटा आणणारा माहितीपट. सर्वांनी आवर्जून पाहावा." ही ओळ माहितीपट न बघताही लिहिता येते, एवढंच तिच्याविरुद्ध पुरे.

आता दुसरा रकाना उघडा आणि त्यातूनच लिहा : "झोपेशी झगडणाऱ्या मुलावर कॅमेरा इतका वेळ थांबतो की आपण त्याच्या डोळ्यांच्या उघडझापीत अडकतो. यंत्राचा ठोका चालूच असतो. मुलाचं वय पडद्यावर लिहून येत नाही, येण्याची गरज पडत नाही." यात भीषण हा शब्द नाही, काटा नाही, आणि वाचणाऱ्याला प्रसंग दिसतो.

पुढची पायरी अवघड. त्याच माहितीपटात एक कामगार म्हणतो, मला कोणी पिळत नाही, मी कर्ज काढून स्वतःच्या मर्जीनं आलोय. आणि शेवटाकडे कामगारांचा घोळका कॅमेऱ्याकडे बघून दिग्दर्शकालाच विचारतो, तुम्हीही येऊन विचारून निघून जाणार, आम्ही काय करावं ते सांगा. हे दोन प्रसंग वगळून "शोषणावरचा माहितीपट" म्हणणं म्हणजे सोपा भाग घेऊन अवघड भाग दारात ठेवणं. दिग्दर्शकानं स्वतःवर रोखलेलं बोट कापून टाकलं नाही, ते ठेवलं. त्यानं माहितीपट बळकट झाला की नुसती हात झटकण्याची सोय झाली, यावर दोन मतं होऊ शकतात. अशी जागा सापडली की चर्चा आपोआप पेटते.

आणि "माझा मामा सुरतेला होता, तिथे असं काही नाही" हे वाक्य येईलच. त्याला उडवून लावू नका, पण एक प्रश्न जोडा : मामा कोणत्या खात्यात होता, विणकामात की छपाई-रंगकामात, आणि किती तासांच्या पाळीत? अनुभवाला तपशील जोडला की तो उपयोगाचा पुरावा होतो.

लिहायचं झालं तर

चारशे ते पाचशे शब्द पुरतात. पहिल्या दोन ओळींत नाव, दिग्दर्शक, वर्ष, लांबी, भाषा आणि कुठे बघायला मिळेल ते. मग लगेच एक प्रसंग, साठ-सत्तर शब्दांत, दुसऱ्या रकान्यातून उचललेला. त्यानंतर माहितीपटाचं म्हणणं एका वाक्यात. ते एका वाक्यात येत नसेल तर दोनच शक्यता, एकतर तुम्हाला ते कळलेलं नाही किंवा दिग्दर्शकालाच कळलेलं नाही. दुसरी शक्यता असेल तर तीच लिहा. मग ते म्हणणं कशाच्या जोरावर उभं केलंय आणि कुठे लंगडं पडतं. शेवटी कोणी बघावा, आणि कोणी बघितला नाही तरी चालेल.

गोष्ट सांगत बसू नका. कथापटाचाच शेवट लपवायचा असतो असं नाही. खटल्यावरचा, निवडणुकीवरचा, हरवलेल्या माणसावरचा माहितीपट असेल तर निकाल फोडू नका. शीर्षकाकडे मात्र दोन ओळी द्या. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) पत्रकार पी. साईनाथ यांच्या मागोमाग विदर्भातल्या कापूसपट्ट्यात जातो. त्यातला रोख रोमच्या नीरोवर नसून त्याच्या मेजवानीला आलेल्या पाहुण्यांवर आहे. शीर्षक उलगडलं की माहितीपटाचा नेम कोणावर आहे ते कळतं. त्यावर खान्देशातला कापूसवाला "आपल्याकडे विहीर-बोअर आहे, विदर्भाची गोष्ट निराळी" म्हणेल. म्हणू द्या, पण पाहुणे कोण या प्रश्नातून त्याची सुटका होत नाही.

आकडा उद्धृत करायचा तर त्याच्या शेजारी वर्ष लिहा. पडद्यावर दिसलेला आकडा, पात्रानं बोललेला आकडा आणि शेवटच्या पाटीवरचा आकडा या तीन वेगळ्या वजनाच्या गोष्टी आहेत. पात्र चुकीचंही बोलू शकतं. तो माहितीपटाचा दावा होत नाही.

लैंगिक अत्याचारातली व्यक्ती, लहान मुलं यांच्याबद्दल लिहिताना ओळख पटेल असा तपशील गाळा. माहितीपटात दिसलं म्हणून आपल्याला ते पुढे पसरवायचा परवाना मिळत नाही, आणि पीडितेची ओळख उघड करण्यावर कायद्याचं बंधन आहे.

पाचपैकी साडेतीन तारे देण्यानं कोणाचंही भलं होत नाही. व्हॉट्सअॅपसाठी शंभर-सव्वाशे शब्द : एक प्रसंग, एक म्हणणं, एक शंका. आवाजी निरोप पाठवत असाल तर दीड मिनिट. त्यापुढचं कोणी ऐकत नाही, निळी टिक आली तरी.

चार लोकांत बसून

वीस ते तीस माणसं, तासाभराचा माहितीपट आणि पाऊण तासाची चर्चा हे प्रमाण जमतं. ‘जय भीम कॉम्रेड’सारखा जवळपास तीन तासांचा असेल तर दोन संध्याकाळी करा, एका बैठकीत दाखवून वर चर्चा ठेवली तर उरतात ते फक्त आयोजक.

परवानगीचं आधी बघा. स्वतःच्या वर्गणीवर घरी बघणं वेगळं आणि सभागृहात लोकांना दाखवणं वेगळं. नेटफ्लिक्स आपल्या काही माहितीपटांना शैक्षणिक, विनाशुल्क प्रदर्शनाची मुभा देतं; ती त्या-त्या शीर्षकाच्या माहितीत लिहिलेली असते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळा-महाविद्यालयांना आपल्या विद्यार्थी-शिक्षक-पालकांपुरती सवलत आहे, बाहेरच्या प्रेक्षकांना ती लागू नाही. फिल्म्स डिव्हिजननं १९४८ पासून केलेल्या कामातलं बरंच काही यूट्यूबवर मोफत आहे, काही दिग्दर्शकांनीही आपले माहितीपट तिथे ठेवलेत. बाकी ठिकाणी दिग्दर्शकाला सरळ ईमेल करा. माहितीपटवाले बहुधा उत्तर देतात. त्यांना प्रेक्षकांची तहान असते. टेलिग्रामवरची चोरटी प्रत नको.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे बंद खोलीत माणूस उकडून निघतो, म्हणून गच्ची बरी. पण मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पावणेआठच्या आत चित्र दिसायचं नाही. वाऱ्यानं पडदा फडफडतो, त्यासाठी खालच्या शिवणीत पाइप घाला आणि दोन्ही टोकं बांधा. सहा फूट रुंद चित्राला पूर्ण अंधारात खरे ५०० लुमेन (उजेडाचं माप) पुरतात. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर हजारोंचे आकडे असतात, त्यातला ‘अँसी लुमेन’ असा लिहिलेला आकडाच धरा. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी, नाहीतर उपशीर्षकं पुढच्यांच्या डोक्यांमागे जातात. स्पीकर प्रोजेक्टरपाशी नको, पडद्यापाशी ठेवा. तोंड समोर आणि आवाज पाठीमागून, हे पाच मिनिटांत डोकं उठवतं. ब्लूटूथनं आवाज ओठांच्या मागे पडतो, वायर वापरा. स्ट्रीमिंग अॅप मोबाइलवरून स्वस्त अडॅप्टरनं लावलं की आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. कॉपीविरोधी कुलपामुळे तसं होतं, अडॅप्टर बदलल्याशिवाय इलाज नाही. हे आदल्या दिवशीच तपासा. वीज गेली तर दिव्याचा प्रोजेक्टर लगेच पुन्हा चालू करू नका, दहा मिनिटं थंड होऊ द्या. इन्व्हर्टर असेल तर २५० ते ३०० वॅटचा भार धरून चाला.

इंग्रजी उपशीर्षकं हा खेड्यापाड्यातला खरा अडथळा. फाइल तुमच्याकडे परवानगीनं आली असेल तर मराठी उपशीर्षकं घरी करता येतात. साध्या नोटपॅडमध्ये आधी क्रमांक, खाली वेळ (००:०१:१२,५०० --> ००:०१:१६,०००, हे आकडे मात्र इंग्रजी लिपीत टाकायचे), त्याखाली मजकूर, मग एक ओळ रिकामी. ओळी दोनच, एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरं, पडद्यावर दोन ते सहा सेकंद. जतन करताना यूटीएफ-८ निवडलं नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. फाइलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवून शेवटी .srt (एसआरटी) लावलं की व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर ती आपोआप उचलतो. ओळी पुढेमागे होत असतील तर जी आणि एच या कळांनी सरकवता येतात. तासाभराच्या माहितीपटाला हे काम दोन माणसांना तीन-चार संध्याकाळी पुरतं. अहिराणीत केलीत तर मागच्या रांगेतल्या आजीही चर्चेत उतरतात.

चर्चेला अध्यक्ष नको. दीपप्रज्वलन नको, सत्कार नको, शाल-श्रीफळ तर नकोच. त्यात अर्धा तास जातो आणि लोकांची बोलायची ऊर्मी जिरते. दिवे लागल्यावर दोन मिनिटं सगळे गप्प, प्रत्येकानं कागदावर एक प्रसंग लिहायचा. मग पहिली फेरी फक्त "काय दखं?"ची. प्रत्येकी एक मिनिट, मत चालणार नाही. सुरुवात सगळ्यात लहानापासून. सर, आण्णा, आप्पा शेवटी. मोठी माणसं आधी बोलली की कॉलेजची पोरं "सरांनी सांगितलं तेच" म्हणून बसतात. बायकांच्या बाजूला माइक नेऊन द्या, "ताई, बोला ना" असं लांबून ओरडू नका.

या फेरीत एक गंमत होते. एकाच प्रसंगाबद्दल दोघं वेगवेगळं पाहिलेलं सांगतात. एक म्हणतो बाई हसली, दुसरी म्हणते हसली नाही, तोंड फिरवलं. भांडण मिटवू नका. तो प्रसंग पुन्हा लावा.

दुसरी फेरी "काय वाटनं?"ची, प्रत्येकी दोन मिनिटं, आणि एकच अट : पहिल्या फेरीत सांगितलेल्या एखाद्या प्रसंगाचा आधार द्यायचा. आधार न देता कोणी कापसाच्या भावाकडे वळलं तर सूत्रधारानं एवढंच विचारायचं, "आप्पा, हे कोणत्या प्रसंगावरून?" आप्पा एकतर प्रसंग सांगतात, नाहीतर हसून माइक पुढे देतात.

कागद गोळा करून ठेवा. पुढच्या महिन्यात दुसरा माहितीपट लावण्याआधी त्यातले चार-पाच वाचून दाखवा. ज्यांचा प्रसंग वाचला जातो ती माणसं त्या दिवशी पुढच्या रांगेत बसतात.